घुबड, नांगर, कंदील

११ जून

गिटार-तारा विभागप्रमुख यांस,

तुमच्या दुकानाच्या पावतीवर ‘तक्रार लेखी कळवावी’ असं छापलंय, म्हणून लेखी कळवतेय. हा विभाग सध्या माझी मुलगी सांभाळते असं ऐकून आहे, पण त्या नात्याचा इथे काही संबंध नाही. मी गिऱ्हाईक म्हणून लिहितेय.

तक्रार घुबड छाप तारांबद्दल आहे. इलेक्ट्रिक गिटारला मी उभा जन्म घुबडच लावत आले, तोही अकराचा सेट. पत्र चुकून तुमच्या मालकांनी उघडलं तर त्यांनाही कळावं म्हणून सांगते, पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार जितकी जाड, तितका सेटचा आकडा मोठा. अकरा म्हणजे पैलवानाचं काम. बाईमाणसाने नवाच्या पुढे जाऊ नये म्हणतात. मी गेले, आणि तिथेच राहिले.

गेले काही महिने या तारांना काय झालंय कळत नाही. पूर्वी तार दाबली की बोटाखाली मुकाट बसायची. आता बोटालाच उलट ढकलते. वर ओढून सूर चढवायला जावं, तर अर्ध्या वाटेत गाढवासारखे पाय रोवून उभी राहते. करंगळीला तर ती अजिबात जुमानत नाही. पाकीट तेच, पाकिटावरचं घुबडही तेच, पण आतलं लोखंड नक्की बदललंय. कारखाना विकला गेला असणार. चांगल्या गोष्टी विकल्याच जातात.

तरी दुसरी एखादी छाप सुचवावी. आकडा अकराच हवा. कृपया फोन करू नये. फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता, मी ‘बरं’ म्हणते, आणि मग दोघी आपापल्या भिंतीकडे बघत बसतो.

आपली,
एक जुनं गिऱ्हाईक

२ जुलै

बये,

नांगर छाप मिळाल्या. चिठ्ठीही मिळाली. ‘दहाचा सेट आहे. गाभा गोल असल्याने मऊ लागतील. लावून बघ.’ इतक्या वर्षांनी आईला लिहायचं ते एवढंच. मी मागितला अकराचा, आला दहाचा. मुलगी म्हणून पाठवला असतास तर परत धाडला असता. विभागप्रमुखाचा सल्ला म्हणून लावला.

आता ऐक. नांगर मऊ आहेत, हे खरं. आवाज गोल आहे, पण जरा ओला. जाड तारा तर गोधडीतून बोलल्यासारख्या वाटतात. घुबडाला धार होती. घुबडावर चूक केली की शेवटच्या टेबलावरच्या माणसाला ऐकू जायची. नांगरावर चूक झाकली जाते, त्यामुळे आपल्या बँडच्या गायकाला त्या फार आवडल्या. शिवाय दोन गाण्यांत सुरातून उतरतात. मी खुंट्या पिळत बसते आणि आपला ड्रमवाला भूकंप मागून काड्या वाजवून वेळ काढतो.

भूकंप आहे तसाच आहे. ड्रमसमोर बसला की स्टेजच्या फळ्या सुटतात आणि खाली उतरला की मांजर. पुलाजवळच्या हॉटेलात शनिवारचा कार्यक्रम चालू आहे. मास्तर कीबोर्डवर तुझी साथ भरून काढतात. म्हणजे काढत नाहीत, पण तसं म्हणतात. माझ्या मागे, डावीकडे, तुझी जागा रिकामीच आहे. तिथे आता आम्ही गिटारची खोकी ठेवतो.

तो विषय काढायचा नव्हता. पण काढलाच आहे तर सांगते. तू स्टेजच्या जिन्यात म्हणालीस, ‘आई, तुझ्या मागे उभी राहून मला म्हातारं व्हायचं नाही,’ तेव्हा मला वाटलं तू जागा बदलून मागतेयस. मी म्हणाले, मध्यंतरात बघू. मध्यंतरात बघते तर तुझी गिटार भिंतीला टेकवलेली आणि तू बसमध्ये. मागितली असतीस तर दिली असती जागा. हे मी त्या दिवसापासून मनात म्हणतेय, आज कागदावर आलं.

बाकी ठीक. निळा कप फुटला. त्याचा कान फारच गुळगुळीत होता. डाव्या हाताची करंगळी सकाळी झोपलेली असते, उशी बदलायला हवी.

तिसरी एखादी छाप असेल तर बघ. आकडा तुला योग्य वाटेल तो.

आई

९ ऑगस्ट

बये,

दोन पाकिटं मिळाली, एक घुबड आणि एक कंदील. दोन्ही नवाचे सेट. तू लिहिलंस, ‘दोन्ही लावून बघ आणि काय फरक वाटतो ते नीट कळव, इथे नोंद ठेवायची आहे.’ म्हणजे अजून तुमच्याकडे कुणीतरी माझं मत विचारतं. बरं वाटलं. मी नवावर उतरले हे भूकंपला कळता कामा नये. त्याच्या लेखी मी अजून अकरावर आहे.

मी नीट, शास्त्रशुद्ध तपासलं. एकच गिटार, एकच अ‍ॅम्प, बटणं जिथल्या तिथे. सोमवारी घुबड लावल्या, गुरुवारी त्या काढून कंदील. दोन्ही वेळा तेच गाणं वाजवलं, ज्याच्या शेवटी पहिली तार थेट दोन पडदे वर ओढायची असते. टाळ्या तिथेच पडतात, तुला आठवत असेल.

घुबड: नव असूनही दगड. ओढ लागत नाही, बोट घसरतं, करंगळीने दाबलेला सूर खर्रखर्र करतो. ही तार बनवणाऱ्याने जन्मात गिटार हातात धरलेली नाही. कुंपणाच्या तारा बनवता बनवता इकडे वळला असेल.

कंदील: याला म्हणतात तार. लोणी. वर ओढली तर स्वतःच निम्मी वाट चालून येते. सूरही कसा, स्वच्छ, बोलका. दोन्हीकडे टोकाचा पितळी मणी तेवढा सारखा आहे, पुढे साम्य संपलं. डोळे बांधून दिल्यास तरी सांगेन कुठली कुठली. बोटांना कळतं. तुझे बाबा म्हणायचे, हिच्या बोटांना वेगळा मेंदू आहे.

तर नोंदीत लिही, घुबड बाद, कंदील उत्तम. माझ्या नावावर लिही. आणि कंदीलचे थोडे जास्त सेट पाठव.

मास्तर विचारत होते तू हल्ली वाजवतेस का. मीही विचारतेय असं समज.

आई

२४ ऑगस्ट

तुझी चिठ्ठी मिळाली.

दोन्ही पाकिटांत घुबडच होत्या. कंदीलचं पाकीट तू रिकामं करून त्यात घुबड भरल्यास. ‘आई, तारा सारख्याच होत्या. आता हात दाखव कुणाला तरी.’

वा. दुकानात हे शिकवतात? माझ्या मांडीवर बसून तू पहिला सूर दाबलास, आणि आज तू माझी परीक्षा घेतेस, तीही पाकिटं बदलून, पत्त्यांच्या जादूगारासारखी. चिठ्ठीत ‘नाचता येईना अंगण वाकडं’ एवढं लिहायचं तेवढं बाकी ठेवलंस. तेही लिहायचंस. मी कुठे वाचायची थांबले असते.

हाताला काही झालेलं नाही. सोमवारी माझा हात थकलेला असतो, शनिवारचा शीण जात नाही. गुरुवारी ताजा असतो. फरक पडला तो एवढ्याने.

इथेच सही करणार होते. पण वरचं वाक्य मी स्वतः लिहिलंय आणि ते कागदावरून माझ्याकडे बघतंय.

तारा पाठवू नकोस.

१९ सप्टेंबर

पोरी,

रागावून लिहायचं बंद करणार होते, पण हे सांगायला दुसरं कुणी नाही.

मागच्या शनिवारी तेच गाणं. हॉल भरलेला. शेवटची ती ओढ आली. तिसऱ्या बोटाने तार दाबली, मागे दुसरं बोट टेकवलं, वर ढकलली. सूर अर्ध्यावर आला आणि हात सुटला. म्हणजे बोट सटकलं असं नाही. बोट तिथेच होतं, पण त्यात कुणी नव्हतं. तारेने एक घाणेरडा आवाज केला आणि ती खाली आली. मी पुन्हा ढकलली. पुन्हा तेच. तेवढ्यात भूकंपने असा काही गडगडाट सुरू केला की लोकांना वाटलं शेवट असाच बसवलाय. टाळ्या पडल्या. मी गिटारकडे बघत मान हलवली, तार तुटल्यावर हलवतात तशी.

खाली उतरल्यावर तो जवळ आला. म्हणाला, “बाई, तार तुटली का?”

म्हटलं, “हो ना. अगदी ऐन वेळी.”

तो वाकला, माझ्या गिटारकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, “मग अजून सहाच्या सहा कशा दिसतायत?”

  मग त्याने माझी गिटार पुसली, खोक्यात ठेवली, खोकं स्वतः उचललं आणि रिक्षापर्यंत आणलं. इतक्या वर्षांत मी माझं खोकं कुणाला उचलू दिलेलं नाही. त्या दिवशी दिलं. वाटेत एवढंच म्हणाला, “मी उन्हाळ्यापासून तुमच्या मागे थोडा हळू वाजवतोय. तुम्हाला कळलं नाही म्हणून बरं वाटत होतं आणि वाईटही.”

मग गेले डॉक्टरकडे. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची. तिने विचारलं, “कधीपासून होतंय?”

मी म्हणाले, “उन्हाळ्यापासून तारा खराब येतायत.”

 मग तिने एक कागद दिला. “अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात घट्ट धरा, मी ओढते.” उजव्या हातात धरला, ती ओढत राहिली, शेवटी कागद फाटला. डाव्या हातात धरला आणि तिने नुसता उचलून घेतला, टेबलावरून उचलावा तसा. मी म्हटलं, “थांबा, माझं लक्ष नव्हतं.” पुन्हा धरला. पुन्हा गेला. म्हटलं, “कागद गुळगुळीत आहे.” ती हसली नाही. तिने माझे दोन्ही हात पालथे करून शेजारी शेजारी ठेवले. डाव्या अंगठ्याच्या बाजूला, जिथे मांस असतं, तिथे खळगा पडलाय. चमचा बसेल एवढा. रोज हात धुते, रोज याच हाताकडे बघत वाजवते, आणि मला दिसला नव्हता.

कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती नस. कोपराच्या वळणावर आवळली गेलीय. गिटार धरताना कोपर कायम वाकलेलं, त्याने भर घातली असेल म्हणाली. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि हाताच्या आतले बारीक स्नायू, सगळे त्या एका नसेवर जगतात.

तारांचा दोष नव्हता. घुबडवाल्यांना मी काय काय बोलले. ते पत्र फाडून टाक.

आई

६ ऑक्टोबर

पोरी,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणावं इतकं लांब, पहिल्यांदाच. दोनदा वाचलं.

तू विचारलंस म्हणून लिहिते. ऑपरेशन करून नस मोकळी करता येते. डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, “मग हात परत येईल?” ती म्हणाली, “जे आहे ते वाचेल. जे गेलंय त्यातलं किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. लवकर आला असतात तर जास्त आशा दिली असती.” मी म्हटलं, “आणि नाही केलं तर?” तर उरलेलंही जाईल. आधी भांडी, मग बटणं, मग जेवणाचा घास.

मी तिला म्हटलं, मला बटणांची काळजी नाही. ती म्हणाली, “आज नाही. पुढे वाटेल.”

खरं सांगू? करू नये असंच ठरवलं होतं. अर्धा हात तरी माझा आहे, सुरी लागल्यावर तोही गेला तर? मग एके दिवशी सकाळी केस बांधायला घेतले. उजव्या हाताने धरले, डाव्याने पेड घालायला गेले आणि केस सुटले. पुन्हा धरले, पुन्हा सुटले.  शेवटी तसेच मोकळे सोडून रियाजाला गेले. मास्तर म्हणाले, छान दिसताय. त्यांना काय सांगू.

बँडला आता सांगितलंय. गायक रडला, पण तो जाहिरात बघूनही रडतो. माझ्या जागी थोडे दिवस एक बँकेतला माणूस वाजवणार आहे. दिवसभर नोटा मोजतो आणि संध्याकाळी गिटार. मी त्याला सगळी गाणी दाखवली. दाखवली म्हणजे तोंडाने. ‘इथे अशी ओढ,’ म्हणत हवेत हात वर नेला.

ऑपरेशन चौदा तारखेला आहे. तू यावंस असं मी म्हणत नाही. तुझी रजा, तुझं दुकान. फक्त तारीख लिहिली.

आई

२ नोव्हेंबर

पोरी,

तू परत पोचल्याचा निरोप मिळाला. तू फळीवर डबे ठेवून गेलीस ते सगळे उजव्या हाताने उघडण्यासारखे आहेत, हे आज लक्षात आलं. झाकणं आधीच सैल करून ठेवलीस.

ऑपरेशननंतर तू इथे होतीस तितके दिवस आपण जुनं काही बोललो नाही. बँडेज, औषधं, दूध उतू गेलं, खिडकीची काच कशी हलते, एवढंच. तू माझे केस धुतलेस, वेणी घातलीस. लहानपणी तुझी घालताना मी जशी ओढायचे तशीच ओढून घातलीस. दुखलं. सांगितलं नाही. तू गेल्यावर दोन दिवस मी ती सोडली नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. समोर असताना जमलं नाही.

एका दुपारी तुला वाटलं मला झोप लागलीय. तू बाहेरच्या खोलीत माझी गिटार काढलीस. जुन्या तारा उतरवल्यास, पुसून नव्या लावल्यास. छाप कुठली ते मला दिसलं नाही. अ‍ॅम्प लावला नव्हतास. बिनअ‍ॅम्पची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे डब्यात माशी फिरावी तसा आवाज. मी उठले. दार थोडं उघडं होतं, तिथे उभी राहिले.

तू काय वाजवत होतीस ते मला ओळखता आलं नाही. साधंच काहीतरी होतं. मधेच चुकायचीस, थांबायचीस, पुन्हा घ्यायचीस. तुझा हात ठीक आहे, पोरी. ठीक म्हणजे ठीक. त्याहून जास्त म्हणणार नाही, तुला खोटं आवडत नाही आणि मला जमत नाही. पण तू वाजवताना हसत होतीस. दात दाखवून नाही. गाल जरा वर जातात तेवढंच. चुकलीस की जास्त.

तू माझ्याबरोबर इतकी वर्षं वाजवलंस आणि मी तो चेहरा कधी बघितला नव्हता. कसा बघणार? मी पुढे, तू मागे. मला फक्त ऐकू यायचीस, आणि मी ऐकायचे ते ठेका चुकतोय का एवढंच. तेव्हाही तू अशीच हसायचीस का? की दुकानात गेल्यावर शिकलीस? हे विचारायचं होतं. तू वळलीस, मला बघितलंस आणि म्हणालीस, “आई, उठलीस कशाला?” आणि मी म्हणाले, “पाणी हवं होतं.”

तू पाणी आणून दिलंस. मला तहान नव्हती, तरी सगळं प्यायले.

आई

२८ एप्रिल

पोरी,

काल डॉक्टरीणबाईंनी शेवटचं तपासलं. तोच कागद, तीच परीक्षा. या वेळी धरला, जरासा, मग गेला. झिणझिण्या थांबल्यात. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट चांगली आहेत. बटणं लागतात. कप धरता येतो. करंगळी आणि शेजारचं बोट तशीच, पाहुण्यासारखी बसून आहेत. खळगा भरला नाही. मी विचारलं, “अजून थांबायचं का?” ती म्हणाली, “थांबा, पण वाट बघू नका.” मला ही बाई आवडते.

तर आता पुढे मी उभी राहून वाजवणार नाही. हे तुला पत्रात लिहिण्याआधी शनिवारी बँडला सांगितलं. स्टेजवर नाही, आधी, खुर्च्या मांडत होते तेव्हा. बँकवाल्याला म्हटलं, “आता जागा तुझी. उसनी नाही.” तो चांगला वाजवतो. घाई करतो, पण घाई मीही करायचे, भूकंपने सांगितलं तेव्हा कळलं. भूकंप मला म्हणाला, “आणि तुम्ही काय करणार, बाई? घरी बसून आम्हाला शिव्या देणार?” मी म्हटलं, “तेही करेन.”

पण दुसरं एक चाललंय, ते तुलाच आधी सांगते. फेब्रुवारीत मी गिटार कायमची बंद करून ठेवायला काढली. तारा सैल कराव्यात म्हणून मांडीवर आडवी घेतली. अ‍ॅम्प चालू राहिला होता. पिळायची लोखंडी किल्ली हातातून निसटली आणि तारांवरून घसरत गेली, आणि गिटार रडली. तुला माहीत आहे मांडीवरच्या गिटारला मी काय म्हणायचे. निवृत्त लोकांचं काम. पडदे दाबायला नकोत, नुसती तारांवर लोखंडी कांडी फिरवायची, हे काय वाजवणं! त्या दिवशी किल्ली उचलली आणि पुन्हा फिरवली. मग सबंध दुपार फिरवत बसले. धरायला अंगठा आणि दोन बोटं लागतात. ती माझ्याकडे आहेत.

हार्डवेअरच्या दुकानातून कांडी कापून घेतली. दुकानदार म्हणाला, “कशाला हवी?” म्हटलं, “हात आहे तो.” त्याला वाटलं बाई बरळतेय.

सोपं नाही, हो. पडदा दाबला की सूर मिळायचाच, तो पडद्याने दिलेला असतो. इथे कुणी देत नाही. केसभर इकडे तिकडे झालं की बेसूर. दोन महिने मी मांजरं मारल्यासारखे आवाज काढले. वरच्या मजल्यावरचे एकदा येऊन विचारून गेले, सगळं ठीक आहे ना.

या शनिवारी मास्तर म्हणाले, एक गाणं घ्या. खुर्ची मांडून दिली, कडेला. बसून वाजवायला लाज वाटत होती. लोक बघतील, म्हणतील, हिचं झालं. एका बाईने तर शेजारच्याला विचारलंच, “ह्या उभ्या राहायच्या ना?” संथ गाणं घेतलं होतं. मधल्या तुकड्यात मला वरच्या सुरावर जायचं होतं, तो मी ओलांडला. पुढे निघून गेले. सगळ्या हॉलला ऐकू आलं असणार. पूर्वी असं झालं असतं तर पुढच्या चार सुरांनी झाकून टाकलं असतं. आता बोटं कुठून आणू? परत फिरले. हळूहळू खाली येत येत तो सूर शोधला, आणि सापडल्यावर तिथेच राहिले. भूकंपने काड्या उचलून धरल्या. मास्तरांनी हात काढले. सूर आपला चालूच. लोक बोलायचे थांबले.

मला एवढा वेळ एका सुरावर राहायची सवय नाही.  टाळ्या फार नव्हत्या, पण उशिरा आल्या.

आता काम. गिटारवर अजून तू लावलेल्या त्याच तारा आहेत. नवाच्या आहेत, कांडीखाली लोळण घेतात, खडखडतात. मला जाड हव्यात. तुमच्याकडे असतील त्यातल्या सगळ्यात जाड. तेरा, चौदा, काय असेल ते. अकरावरून आठपर्यंत उतरायची तयारी केली होती मी, आता वर जायचंय.

छाप तू ठरव. घुबड, नांगर, कंदील, जी तुझ्या मनाला येईल ती. पाकिटातून काढून साध्या कागदात गुंडाळ, मला नाव कळायला नको. आणि जमलं तर पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. शनिवारी खुर्च्या मांडायच्या आधी पोचलीस, तर माझ्या शेजारी दुसरी खुर्ची लावायला सांगते. शेजारी, मागे नाही.

तुझी आई